वाचक विचारतात : गाडीतून उतरता न येणारा माणूस

गेल्या अंकात या पानावर मी ‘लॉक’ हा इंग्रजी सिनेमा पाहायला सांगितला होता. पत्रं बरीच आली आणि त्यांतली निम्मी नाराजीची आहेत. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. आयव्हन लॉक हा बांधकामावरचा मुख्य माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या साइटवर एका टोलेजंग इमारतीच्या पायव्याचं काँक्रीट पडायचं आहे, युरोपातल्या मोठ्यात मोठ्या कामांपैकी एक. आदल्या संध्याकाळी तो सगळं सोडून बर्मिंगहॅमहून लंडनच्या वाटेला लागतो. काही महिन्यांपूर्वी एका रात्री ज्या बाईशी त्याचा संबंध आला, ती आज बाळंत होणार आहे. घरी बायको आणि दोन मुलगे फुटबॉलची मॅच लावून त्याची वाट पाहून राहिले आहेत. रस्ताभर तो फोनवर बोलतो. पडद्यावर माणूस दिसतो तो एकटाच.

“भाऊ, तुमी सांगतलं म्हून मी ‘लॉक’ पायला. पोट्टे जमवले, जिनिंगच्या मागच्या खोलीत भिंतीवर लावला. अर्ध्या घंट्यात दोघं उठून गेले. एक मानूस गाडी चालवते न् फोनवर बोलते, बस. ना मारामारी, ना गाणं, बायको बी दिसत नायी. याले सिनेमा काऊन म्हनाचं?”
*— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा*

उठून गेलेल्या दोघांवर रागावू नका भाऊ. बाकीचे बसून राहिले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बायको दिसत नाही, हीच तर या सिनेमाची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. समजा कॅमेरा त्या घरात गेला असता. बायकोचे डोळे भरलेले, पोरं बावरलेली, हे पाहून आपण दोन मिनिटांत तिच्या बाजूचे झालो असतो. दवाखान्यात गेला असता तर कळा सोसणाऱ्या त्या बाईकडे आपलं मन ओढलं गेलं असतं. दिग्दर्शक आपल्याला कुठेच जाऊ देत नाही. लॉकला जेवढं ऐकू येतं तेवढंच आपल्यालाही येतं. बायको गप्प झाली की ती रडते आहे, की फोन ठेवून खोलीबाहेर निघून गेली, हे त्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाला हातपाय हलवून काही सुधारताच येत नाही. फोन आला की उचलायचा आणि उत्तर द्यायचं, एवढंच त्याच्या हातात. आपण केलेलं समोर येतं तेव्हा माणसाची हीच गत होते. मारामारी दाखवली असती तर तेवढीच सुटका झाली असती, त्याचीही आणि आपलीही.

नुसत्या आवाजावर गोष्ट ऐकायची सवय आपल्याकडे नवी नाही. आमच्या पिढीने आकाशवाणी नागपूरच्या श्रुतिका कान देऊन ऐकल्या. दार वाजलं, भांडं पडलं, कोणी खाकरलं की अख्खं घर डोळ्यांपुढे उभं राहायचं. इथेही ऑलिव्हिया कोलमन, रुथ विल्सन, अँड्र्यू स्कॉट असे मोठे नट फक्त आवाजाने आहेत. लॉकच्या एडी या मुलाचा आवाज टॉम हॉलंडचा आहे, पुढे स्पायडरमॅन झाला तोच. ही मंडळी एका हॉटेलातून खरोखर फोन करत होती, आणि लॉक झालेला टॉम हार्डी रस्त्यावर गाडीत बसून त्यांना उत्तरं देत होता. आठेक रात्रींत शूटिंग आटोपलं. त्याला त्या दिवसांत खरीच सर्दी झाली होती. ती तशीच ठेवली, म्हणून तो अधूनमधून नाक पुसतो आणि औषध घेतो. २०१३ सालचा हा सिनेमा जेमतेम ८५ मिनिटांचा आहे.

लिहिणारा आणि दिग्दर्शक एकच, स्टीव्हन नाइट. ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या इंग्रजी कार्यक्रमावरून निघालं, तो कार्यक्रम घडवणाऱ्या तिघांपैकी हा एक. मित्राला फोन लावायचा, घड्याळ चालू, पलीकडचा काय बोलेल याचा नेम नाही. तो ताण त्या कार्यक्रमातही आहे आणि इथेही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं आणि फार आवडलं.

पुन्हा लावाल तेव्हा उजेड बंद करा आणि आवाज मोठा ठेवा. भिंतीवर चित्र जरा फिकं दिसलं तरी चालेल.

“मी घरं बांधतो, लहानमोठे ठेके घेतो. नोकरीवरून काढून टाकल्यावरही तो माणूस काँक्रीटसाठी रात्रभर फोन करत बसतो, हे मला पटलं नाही. मालकानं हाकललं, विषय संपला. आणि दिग्दर्शकाला सगळं सोडून काँक्रीटच का सुचलं?”
*— एक ठेकेदार, नेर, जि. यवतमाळ*

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण माझी सारी नोकरी साइटवर सुपरवायझर म्हणून गेली. कालव्यावरचे लहान पूल, शाळेच्या खोल्या, गोदामं. म्हणून जरा लांबण लावतो, तुम्हाला माहीत असलेलंच इतरांसाठी सांगतो.

सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू झालं. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटने ३० मिनिटांच्या आत आवळायला लागू नये आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण आवळावं. मधल्या काळात माल सलग पडला पाहिजे. मिक्सर बंद पडला, गिट्टी संपली, मजूर जेवायला गेले आणि आधीचा थर आवळला, तर वरचा नवा थर त्याला धरत नाही. तिथे कोल्ड जॉइंट येतो. वरून प्लास्टर केलं की कोणाच्या बापाला दिसत नाही, पण पाणी त्याच वाटेने शिरतं आणि सळई गंजते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. टाकतेवेळी मालाचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये असं मानक सांगतं, म्हणून शहाणा ठेकेदार स्लॅब रात्री किंवा अगदी पहाटे भरतो, गिट्टीवर पाणी मारतो, सळई झाकून ठेवतो. पुढे उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी, मिश्र सिमेंट असेल तर चौदा. आळं बांधून पाणी भरून ठेवायचं आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस नेमायचा.

माल बरोबर आहे का, हे जागच्या जागी कसं कळतं? स्लंप कोन घ्यायचा, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू. सळईने ठोकून भरायचा, सरळ वर उचलायचा, ढीग किती बसला ते मोजायचं. लॉक गाडीतून आपल्या हाताखालच्या डोनलला ज्या तपासण्या सांगतो, त्या ऐकताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. पण खरी ताकद त्या रात्री कळतच नाही. १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवायचे आणि २८ दिवसांनी फोडून पाहायचे. ठोकळा नापास झाला तर तोवर त्या स्लॅबवर भिंती चढलेल्या असतात.

म्हणून काँक्रीट, भाऊ. त्यात केलेली चूक त्या घडीला दिसत नाही. आपल्या काळ्या मातीत हे जास्तच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायवा मुरमापर्यंत नेला नाही, पैसे वाचवून वरच्यावरच भरला, तर गृहप्रवेशाला सगळं छान दिसतं आणि दोन पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. त्या भिंतीत वरून सिमेंट भरून काही होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता तुमचा मूळ मुद्दा. हाकललं तरी तो का थांबत नाही? त्या इमारतीत उद्या जे राहतील त्यांचा त्याच्या नोकरीशी काडीचा संबंध नाही. पायवा चुकला तर ती माणसं वरच्या मजल्यावर असतील. तिकडे पहाटे माल घेऊन शेकडो गाड्या यायच्या आहेत. रस्ते बंद ठेवायची परवानगी कच्ची निघते, तर हा कोण्या नगरसेवकाला भारतीय जेवणाच्या हॉटेलात जेवताना गाठतो. सळईचं काम एके ठिकाणी बरोबर नाही असं कळतं, तर डोनलला एका पोलिश कारागिराकडे पिटाळतो. तो डोनल तोवर दारू प्यायलेला. पगार बंद झालेला माणूस हे करतो आहे. आपल्याकडे बिल निघेपर्यंत काम आणि बिल निघाल्यावर ओळख नाही, असे किती तरी मी पाहिले. म्हणून मला तो माणूस तिथे मोठा वाटतो. फक्त तिथे. पुढच्या पत्रात का ते येईल.

“तुम्ही त्याला ‘जबाबदारीचा माणूस’ म्हटलंत, याचं मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या बायकोला तो हे गाडी चालवता चालवता फोनवर सांगतो. जी बाई एकटी, घाबरलेली, त्याचं मूल जन्माला घालते आहे तिला म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी असंच झालं. बाप खरं बोलून मोकळा झाला, दुसरीकडे राहायला गेला. लोक म्हणतात, निदान खोटं तरी बोलला नाही. आई सकाळी निंदायला जाते, दुपारी शिवण शिवते. काका, यात जबाबदारी कुठे आहे?”
*— एक शिक्षिका, ता. राळेगाव, जि. यवतमाळ*

ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर आमच्याकडे दोन दिवस बोलणं चाललं.

खरं बोलणं आणि जबाबदारी घेणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या बापाने पहिली करून दुसरीतून अंग काढून घेतलं. खरं बोलल्याने मनावरचं ओझं उतरतं, पण ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जातं. सिनेमात नेमकं हेच होतं. लॉकच्या बायकोला, कॅट्रिनाला, तो सांगून टाकतो आणि लगेच पुढचं बोलू लागतो: मी परत येईन, आपण बसू, यातून काय मार्ग निघतो ते ठरवू. तो साइटवर जसा बोलतो तसाच घरात बोलतो. अडचण आली, तर पुढचं पाऊल काय. तिला पाऊल नको आहे. तिचं जग आत्ता, या मिनिटाला पडलं आहे आणि पलीकडचा माणूस शांत आवाजात नियोजन करतो आहे. एकदाच झालं, असं तो परत परत म्हणतो. एकदाही नाही आणि एकदा, यांच्यातच सगळं अंतर आहे, हे ती त्याला ऐकवते. माझ्या मते त्या सगळ्या प्रवासात तिच्याइतकं नेमकं दुसरं कोणी बोलत नाही. ती फोन ठेवते ते योग्यच करते.

आणि एक गोष्ट सिनेमा ओरडून सांगत नाही, पण ती त्यात आहे. आपण म्हणतो, त्या रात्री त्याने निवड केली. त्या रात्री निवडायला उरलं होतं काय? लंडनला गेला तर घर आणि नोकरी जाते, नाही गेला तर ते लेकरू आणि ती बाई एकटी पडते. चांगली वाट राहिलेलीच नव्हती. निवड त्याने केली ती आधीच्या महिन्यांत, रोज. रोज संध्याकाळी तो घरी आला, जेवला, पोरांशी मॅचबद्दल बोलला आणि गप्प राहिला. त्यातल्या कोणत्याही संध्याकाळी बायकोसमोर बसून, तिच्या डोळ्यांत पाहून सांगता आलं असतं. तेव्हा तिला ओरडता आलं असतं, ताट भिरकावता आलं असतं, माहेरी निघून जाता आलं असतं. त्याने सांगायची वेळ बाळंतपणावर सोडली, म्हणून ते फोनवर सांगावं लागलं. काँक्रीटचा एक थर चुकू नये म्हणून जीव टाकणाऱ्या माणसाने घरात इतके महिने काहीच तपासलं नाही.

प्रेम नाही असं तो दवाखान्यातल्या त्या बाईला, बेथनला, सांगतो, ते मला तुमच्याइतकं खटकलं नाही. त्या क्षणी खोटं प्रेम बोलून वेळ मारून नेली असती तर आणखी एक फसवणूक वाढली असती. खटकलं ते दुसरंच. तो तिला फारसं काही विचारत नाही. तुला काय हवं आहे, पुढे कोण आहे तुझ्यासोबत, काही नाही. मी येतो आहे, एवढं म्हटलं की आपलं काम झालं असं त्याला वाटतं. त्याचं कारणही सिनेमात आहे. त्याच्या बापाने त्याला जन्मताच टाकलं होतं. मागच्या रिकाम्या सीटकडे आरशातून पाहत तो मेलेल्या बापाशी भांडतो. मी तुझ्यासारखा नाही, हे त्याला सिद्ध करायचं आहे. म्हणजे लंडनला जाणं हे लेकरासाठी जितकं आहे तितकंच स्वतःच्या त्या जुन्या जखमेसाठी. तरी तो जातो, हे मी मोलाचं मानतो. जन्मलेल्या जिवाचा त्यात काही दोष नाही आणि त्याला बाप नाकारणार नाही, एवढं तरी तो पक्कं करतो. आपल्या गावांत अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चार माणसं बसतात, काही रक्कम ठरते, बाईला लांबच्या नातेवाइकाकडे पाठवतात आणि शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं, हा प्रश्न तुमच्या टेबलावर येऊन पडतो. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लागतं. ही फार चांगली गोष्ट झाली. पण नाव लागल्याने फी भरली जात नाही.

म्हणून त्या मुलीच्या आईला हे सांगा. पत्नीला आणि मुलांना पोटगी मागण्याचा हक्क आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. हा हक्क लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही आहे, म्हणजे त्या माणसाच्या दुसऱ्या घरी लेकरू असेल तर त्यालाही. वकिलाचा खर्च कुठून आणायचा म्हणून ती थांबली असेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. बाईला ही मोफत मदत मिळताना तिचं उत्पन्न पाहत नाहीत. तुम्ही सोबत जाल तर तिला बळ येईल. त्याला खोटं न बोलल्याचं श्रेय देणाऱ्या लोकांना विचारा, दर महिन्याला किती देतो?

‘जबाबदारीचा माणूस’ हे मी लॉकबद्दल परत म्हणेन. तो सोडून पळाला नाही, कोणाकडे दया मागितली नाही, फोन बंद केला नाही. पण त्याने कोणाला काही परत दिलं असं मी म्हणणार नाही. कॅट्रिनाचं गेलं ते गेलंच. सिनेमाही त्याला माफ करत नाही, म्हणूनच मला तो प्रामाणिक वाटतो.

“आम्ही झाडीपट्टीत नाटकं करतो. एकाच माणसावर, बाकी सगळे आवाज विंगेतून, असा प्रयोग आमच्याकडे चालेल का? आणि असा कमी माणसांचा, कमी बडबडीचा आणखी एखादा सिनेमा सांगा.”
*— एक कलावंत, वडसा, जि. गडचिरोली*

मंडईच्या जत्रेच्या रात्री, दिवाळीनंतर, गाणी, विनोद आणि रडारड घेऊन पहाटेपर्यंत जाग्या असलेल्या हजारो माणसांपुढे? अख्खं नाटक असं करू नका. पण एक प्रवेश जरूर करा. गाडगेबाबांची कीर्तनं आठवा. हातात काठी, डोक्यावर गाडगं, एकटा माणूस, आणि समोरच्या गर्दीला तो नुसते प्रश्न विचारायचा. गर्दीच उत्तरं द्यायची. एकट्या माणसावर रात्र उभी राहते हे आपल्या अमरावतीच्या मातीनेच दाखवलं आहे. फोनवरचा आवाज विंगेतून आला तर प्रेक्षक कान टवकारतील, फक्त त्या वेळी पेटी-तबला पूर्ण थांबवा.

सिनेमा म्हणाल तर डॅनिश भाषेतला २०१८चा ‘द गिल्टी’ पाहा. पोलिसांच्या मदत क्रमांकावर बसलेला एक माणूस आणि त्याला येणारे फोन, आणि त्याचं स्वतःचंही एक प्रकरण दुसऱ्या दिवशी कोर्टात आहे. बेल्जियमच्या दारदेन बंधूंचा २००२चा ‘द सन’ तर माझा फार जवळचा. सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाकडे तोच पोरगा शिकायला येतो, ज्याच्या हातून त्याचं मूल गेलं. आणि आपला मराठी ‘कोर्ट’, चैतन्य ताम्हाणेंचा. त्यातले लोकशाहीर झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. करोनाने २०२१ मध्ये आपण त्यांना गमावलं.

“माझा मुलगा दहावीला आहे. त्याच्यासोबत हा सिनेमा पाहावा का? इंग्रजी आम्हा दोघांनाही जेमतेमच.”
*— एक संत्रा बागायतदार, ता. मोर्शी, जि. अमरावती*

पाहा. शिव्या भरपूर आहेत, ते आधी सांगून ठेवतो. अंगप्रदर्शन किंवा हाणामारी काहीच नाही. एडी या मुलाचे फोन आले की तुमच्या पोराकडे न पाहता पडद्याकडेच पाहा, त्याला त्याचं ऐकू द्या. त्या मुलाने मॅच रेकॉर्ड करून ठेवली आहे. तू घरी ये, स्कोअर माहीत नाही असं समजून आपण दोघं परत पाहू, असं तो बापाला म्हणतो. तिथे मला राहवलं नाही.

भाषेसाठी इंग्रजी सबटायटल लावा. मराठी मला कुठे मिळाले नाहीत. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं थांबवत थांबवत पाहा आणि कोणाचा फोन आहे ते एकमेकांना सांगत जा: डोनल साइटवरचा, गॅरेथ वरचा साहेब, कॅट्रिना बायको, बेथन दवाखान्यातली, एडी आणि शॉन मुलगे. ही नावं एकदा बसली की पुढे थांबवायची गरज पडत नाही.

*पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा. तुमचं नाव छापलं जाणार नाही.*